स्वयंवराची पदं, कुमारांच्या गळ्यातून

बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना ग्रामोफोनची तबकडी ऐके आणि ती जशीच्या तशी गाऊन दाखवी. नुसती चाल नव्हे. तान कुठून उचलली, दम कुठे घेतला, आवाजाला कंप कुठे आला, सगळं हुबेहूब. 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला त्या अचाट कंठानं मिळवून दिलं. पुढे तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे राहून शिकला आणि नकलेपलीकडचं गाणं सुरू झालं.

हाच माणूस प्रौढपणी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम घेऊन श्रोत्यांसमोर बसतो. बालगंधर्वांची पदं अर्धा महाराष्ट्र गुणगुणत होता, आणि त्यांची हुबेहूब नक्कल करणारे गायक गावोगाव होते. ज्याला ती नक्कल सर्वांत सोपी, त्यानंच ती केली नाही. एका थोर गायकाचं गाणं दुसऱ्या थोर गायकानं कसं गावं, ह्याचं मला माहीत असलेलं सर्वांत उंच उदाहरण ते आहे. एचएमव्हीनं त्याची लाँग प्ले काढली, मग कॅसेट आली, आणि त्या कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटी आमच्या खुर्सीपारपर्यंत पोचल्या.

खुर्सीपार ही भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आधारानं वाढलेली वस्ती. १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि तिच्यामागोमाग देशभरातून माणसं आली. आंध्रातून आली, ओडिशातून, बिहारातून, केरळातून. विदर्भातून आम्ही आलो. गल्लीत एका घरी तेलुगू, दुसऱ्या घरी छत्तीसगढी, तिसऱ्या घरी मराठी, आणि ओट्यावर सगळ्यांची हिंदी. मराठी गाणं आमच्याकडे रेल्वेनं यायचं. दिवाळीला नागपूर-वर्ध्याकडे गेलेलं माणूस परत येताना पॉवर हाऊस स्टेशनावर उतरे, तेव्हा पिशवीत संत्र्यांच्या खाली कॅसेटी असत. त्या फिरत. ज्याच्याकडे दोन खणांचा डेक, त्याच्या घरी रविवारी बैठक. पहिल्या पाळीला जायचं असेल त्यानं आधी ऐकायचं, रात्रपाळी करून आलेल्यानं झोप झाल्यावर. बैठकीचा शिरस्ता एकच होता: जो गाणं आणील त्यानं शक्यतो तेच गाणं दोन गळ्यांतलं आणावं.

टेपवरून टेप, तिच्यावरून आणखी एक टेप, ह्या प्रवासात गाण्याचं काय होतं ते सांगायला हवं, कारण दुर्मीळ ध्वनिमुद्रणाचं रसग्रहण तिथूनच सुरू होतं. एका डेकची मोटर जरा जलद, दुसऱ्याची मंद. दोन-तीन उतारे झाले की सूर अर्धी पट्टी चढलेला किंवा उतरलेला असतो. चढलेल्या टेपवर कुमारांचा आवाज पातळ आणि चिडखोर वाटतो. उतरलेल्या टेपवर बालगंधर्व दमल्यासारखे वाटतात. दोन्ही खोटं. म्हणून पेटी काढून बसायचं. तंबोऱ्याचा खर्ज शोधायचा, पेटीच्या कुठल्याच पट्टीशी तो जुळेना, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळला, तर टेप वेगानं घसरली आहे असा संशय धरायचा. मुळातल्या तबकड्यांचाही भरवसा नाही. जुन्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात; पण त्या नेमक्या त्याच वेगानं कोरलेल्या असतातच असं नाही.

आणखी एक गंमत. कॅसेटमधली फीत वेढ्यावर वेढा घट्ट बसलेली असते. बरेच दिवस न वाजवलेल्या फितीत एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. त्यामुळे गवयानं 'सा' लावायच्या क्षणभर आधी त्या 'सा'ची सावली ऐकू येते. कानाला सवय झाली की ती सावली वेगळी काढता येते, आणि मग खरा सूर लागतो तेव्हा तो किती भरीव आहे ते जास्तच कळतं.

आता पदांकडे. 'संगीत स्वयंवर' रंगभूमीवर आलं १९१६ साली. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, मंडळी गंधर्व नाटक मंडळी, रुक्मिणीच्या भूमिकेत नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, आणि संगीत पं. भास्करबुवा बखल्यांचं. भास्करबुवांकडे तीन ठिकाणची विद्या होती: फैज महंमद खाँ, आग्र्याचे नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. ह्या तिघांच्या घरातल्या अस्सल चिजांचा त्यांच्याजवळ साठा होता आणि त्या धाटणीवर त्यांनी खाडिलकरांचे मराठी शब्द बसवले. म्हणजे पाहा, आपण ज्याला मूळ म्हणतो ते स्वयंवराचं पद हेसुद्धा जुन्या चिजेचं नवं रूपच होतं. दरबारात, बैठकीत गायली जाणारी चीज नाटकगृहात आली, ब्रज भाषेतली नायिका रुक्मिणी झाली, आणि ख्यालाचा ऐवज तिकीट काढून आलेल्या माणसाच्या तोंडी बसला.

आणि भास्करबुवा स्वतः? ते १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. अल्लादिया खाँ १९४६पर्यंत होते, त्यांचीही नाही. मला हे फार खोलवर टोचतं. पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारा, मास्तर कृष्णरावांसारखा शिष्य घडवणारा, बालगंधर्वांचा गळा वळवणारा हा गवई आपल्याला कायमचा मुका आहे. त्याचं गाणं ऐकायचं तर ते दुसऱ्याच्या गळ्यातूनच. म्हणून 'मूळ गाणं श्रेष्ठ, पुन्हा गायलेलं दुय्यम' हा हिशेब मला इथे लागूच होत नाही. भास्करबुवांपर्यंत जायचा रस्ता पुन्हा गाणाऱ्यांच्या अंगणातूनच जातो.

'नाथ हा माझा' हे यमनातलं पद घ्या. बालगंधर्वांच्या तबकडीवर त्याला जेमतेम तीन मिनिटं मिळाली आहेत. नाटकात हेच पद 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' घेत किती वेळ चाले ह्याच्या आठवणी जुन्या मंडळींनी लिहून ठेवल्या आहेत. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला अशी माणसं त्या मंडळीत होती. तबकडीनं त्या विस्ताराचा अर्क मागितला. नारायणरावांनी तो दिला, आणि घाई दिसू दिली नाही. ह्याला मी त्यांच्या गाण्यातली पहिली थोरवी म्हणतो. तीन मिनिटांच्या तबकडीवर घाबरलेले गवई पुष्कळ ऐकले आहेत: आलापाचा एक तुकडा, तानांचा एक सपाटा, आणि संपलं. नारायणराव मुखडा घेतात, समेवर येतात, पुन्हा मुखडा घेतात. प्रत्येक वेळी सम तीच आणि येण्याची वाट वेगळी. एकदा गंधारावर किंचित रेंगाळून, एकदा निषादाला हलकेच स्पर्श करून, एकदा शब्दच अलगद मागे ओढून. ऐकणाऱ्याला वाटतं तेच तर म्हणताहेत. चार वेळा ऐकल्यावर कळतं की तेच एकदाही म्हटलेलं नाही.

त्यांची मुरकी ऐकताना लक्ष शब्दावर ठेवावं. स्वरांचा गुच्छ कितीही बारीक असो, अक्षर मोडत नाही. 'नाथ'मधला 'ना' जिथे पाहिजे तिथे उमटतो आणि 'थ' हवेत विरत नाही. आवाजाचा जोर त्यांनी कुठेच केलेला नाही. माणूस मोठ्यानं गातोय असं वाटतच नाही, तरी त्या काळातल्या ध्वनिक्षेपक नसलेल्या नाटकगृहात शेवटच्या रांगेत बसलेल्याला शब्द न् शब्द पोचत असे. सुरात नेमका असलेला आवाज लांब जातो, हे गवयांचं जुनं मत ह्या तबकडीवर मला पटतं. आणि रुक्मिणी! राजकन्येचा आब आणि मनातून उतू जाणारा आनंद, दोन्ही एका सुरात. लाज आहे, पण ती लाज गाण्याला मागे खेचत नाही.

ह्यानंतर कुमारांची बाजू लावावी. आधी थोडं थांबून. लगेच लावली तर अन्याय होतो, कारण पहिल्या मुखड्यालाच कान तक्रार करतो.

कुमारांचा आवाज आजारातून वर आलेला आहे. क्षयानं एक फुप्फुस जवळपास निकामी केल्यावर १९४८च्या जानेवारीत ते देवासला येऊन राहिले. गाणं पाच-सहा वर्षं बंद. नंतर जे गाणं उभं राहिलं त्यात लांबलचक दमसासाच्या ताना नाहीत. छोटे, धारदार तुकडे आहेत. त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा आहेत. आणि त्या जागांनाही वजन आहे. बालगंधर्वांचं गाणं अखंड वाहतं. ते ह्या गळ्यातून वाहूच शकलं नसतं. कुमारांनी वाहण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी ते पद उलगडून, प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे उजेडात धरलं.

यमन तोच. पण नारायणराव ज्या स्वरावरून घसरत पुढे जातात त्या स्वरावर कुमार थेट, सरळ येऊन उभे राहतात. खटका नाही, आधार नाही. तीव्र मध्यम त्यांच्याकडे इतका टोकदार लागतो की पंचमाची वाट पाहायला लागते. मग ते पंचमावर येतात, पण आवाज एकदम लहान करून, कुणाशी तरी खासगी बोलल्यासारखे. बालगंधर्वांची रुक्मिणी सख्यांना सांगते आहे. कुमारांची रुक्मिणी स्वतःला सांगते आहे, आणि सांगता सांगता तिला ते पहिल्यांदा कळतं आहे. मुखड्याकडे येताना मधेच शब्द सोडून देणं ही कुमारांची खास चाल. अर्ध्या वाक्यावर आवाज काढून घेतात आणि उरलेलं तबल्यावर आणि आपल्या कानावर सोपवतात. आपण ते मनात पूर्ण करतो, कारण बालगंधर्वांनी ते आपल्याला आधीच पाठ करून दिलेलं असतं. म्हणजे कुमार गातात तेव्हा बालगंधर्वही गात असतात, फक्त आपल्या आत. ज्यानं मूळ तबकडी ऐकलेली नाही त्याला कुमारांचं गाणं निम्मंच ऐकू येईल, असं माझं ठाम मत आहे.

भीमपलासातलं 'स्वकुलतारक सुता' ह्या दोन गळ्यांत ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नारायणरावांच्या भीमपलासात करुणा आहे, पण ती सजलेली आहे. मध्यमावर ते विसावतात तेव्हा आपणही विसावतो. कुमार मध्यमावर विसावत नाहीत. तिथून वरच्या षड्जाकडे झेप घेण्याची तयारी त्यांच्या मध्यमातच ऐकू येते. दुपारचा राग दुपारच्या उन्हासकट आणल्यासारखा. माळव्यात राहून लोकधुना गोळा करणाऱ्या माणसाचा हा भीमपलास आहे, आणि त्यात नाटकगृहाचा पडदा कुठेच दिसत नाही.

इथेच माझी एक खंतही आहे. पडदा दिसत नाही म्हणजे नाटकही दिसत नाही. नारायणरावांच्या पदाआधी काय घडलं आणि पदानंतर काय घडणार, ह्याची जाणीव त्या तीन मिनिटांतही आहे. पद संपतं तेव्हा पुढचं वाक्य बोलायला रुक्मिणी उभी असते. कुमारांकडे पद संपतं तेव्हा सगळं संपतं. पात्र नाहीसं होऊन भाव तेवढा उरतो. काहींना हा कळस वाटतो. मला वाटतं की काहीतरी मिळालं आणि काहीतरी गेलं, आणि गेलं ते लहान नव्हतं. आमच्या बैठकीत विदर्भातून आलेले एक वयस्क काका होते. नाटक मंडळ्यांचा शेवटचा काळ त्यांनी लहानपणी पाहिलेला. कुमारांची कॅसेट लागली की ते शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "गाणं थोर आहे हो. पण आमचे नारायणराव ह्यात येऊन बसले नाहीत." आम्ही कुणी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र तीच कॅसेट मागून घेऊन जात.

कुमारांच्या घराशी आमचं एक पोलादी नातंही आहे. त्यांच्या सहधर्मचारिणी आणि स्वतः थोर गायिका वसुंधराताई कोमकळी ह्यांचा जन्म जमशेदपूरचा. भट्टीच्या गावात वाढलेल्या मराठी घरांना गाणं परकं नसतं, हे मला तेवढ्यावरून सांगायला आवडतं. आमच्या भिलाईतच बिमलेन्दु मुखर्जी कारखान्यात वरिष्ठ पदावर होते, सतार-सुरबहार-बीन अशी अनेक वाद्यं त्यांच्या हाती होती, आणि त्यांचे चिरंजीव बुधादित्य ह्यांची सतार जगभर गेली. आणि पांथीपासून पंडवानीपर्यंतचं गाणं तर ह्या मातीतलंच. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंचं गनियारी गाव इथून जवळ.

दोन गळ्यांच्या शिरस्त्यात सर्वांत लांबवर गेलेली साखळी अब्दुल करीम खाँसाहेबांची. त्यांची झिंझोटीतली 'पिया बिन' ही ठुमरी. तबकडीच्या एका बाजूत त्यांनी जे केलं आहे त्याची फोड करणं अवघड. स्वर सुईच्या टोकाएवढा बारीक, आवाज नाकात किंचित अडकलेला, आणि प्रत्येक स्वराच्या कडा अश्रूनं ओल्या. जोर कुठेच नाही. १९३५च्या 'देवदास'मध्ये सैगलनं तीच ठुमरी म्हटली. खाँसाहेबांच्या हरकतींच्या वाटेला तो गेला नाही. जवळजवळ बोलल्यासारखं, चारच ओळींत, दारूनं जड झालेल्या माणसाच्या आवाजात त्यानं ते दुःख खाली जमिनीवर आणलं. आणि तिसरीकडे, गदगचा एक मुलगा दुकानात लागलेली खाँसाहेबांची तबकडी ऐकून इतका झपाटला की १९३३ साली गाणं शिकण्यासाठी घरातून पळाला. ते भीमसेन जोशी. भटकंतीनंतर ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व ह्यांच्याकडे कुंदगोळला पोचले. पुढे त्यांनी स्वतः ही ठुमरी गायली. भीमसेनांच्या त्या गाण्यात मला खाँसाहेबांची हुबेहूब छाया दोन-तीनदाच दिसते. पुकारीचा एखादा वरचा षड्ज, एखादी थरथरती कड. बाकी सगळं त्यांचं स्वतःचं, भरदार, छातीतून आलेलं. पण त्या दोन-तीन जागा आल्या की मोठा झालेला गवई बाजूला सरतो आणि दुकानासमोर थबकलेला मुलगा ऐकू येतो.

खाँसाहेबांचीच एक तबकडी आमच्या बैठकीत आली तो रविवार मी विसरत नाही. मिरजेत राहणारे, किराण्याचे खाँसाहेब, आणि तबकडीवर त्यागराजांची कृती: 'राम नी समानमेवरु', खरहरप्रिया रागातली, तेलुगू. दक्षिणेचं संगीत त्यांनी मनापासून जवळ केलं होतं. १९३७ साली त्यांना मरणही दक्षिणेतच आलं, मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनाच्या फलाटावर. शेजारचे तेलुगू गृहस्थ सहसा आमच्या बैठकीला येत नसत. त्या दिवशी हाक मारून आणलं. "दादा, आपके लिए कुछ है," एवढंच सांगितलं.

त्यांनी पहिल्या ओळीला मान हलवली, पसंतीची नव्हे, दुरुस्तीची. उच्चार चुकत होते. दोन शब्द त्यांनी आम्हाला बरोबर म्हणून दाखवले. मग गप्प झाले. खाँसाहेब खरहरप्रियेतून जात होते आणि आम्हा मराठी मंडळींना काफी ऐकू येत होता, कारण स्वर तेच आहेत. त्यांना मात्र खरहरप्रियाच ऐकू येत होती, फक्त तिच्या गमकांची झूल उतरवलेली. कर्नाटक पद्धतीत स्वर झोक्यावर असतो. खाँसाहेब तो झोका थांबवतात आणि स्वराला सरळ, एकाग्र, लांब धरतात. बाजू संपल्यावर शेजारी म्हणाले, "गलत है. फिर से लगाओ." पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्यांनीच बटण दाबलं. जाताना कॅसेट मागितली, आणि पुढच्या खेपेला विजयवाड्याहून त्याच कृतीची कर्नाटक पद्धतीनं गायलेली टेप घेऊन आले, म्हणजे आम्हालाही कळावं की झोका म्हणजे काय. ती टेप ऐकल्यावर खाँसाहेबांचं धाडस आम्हाला खऱ्या अर्थानं समजलं. परक्या घरातल्या देवाला त्यांनी आपल्या घरच्या पद्धतीनं हात जोडले होते, आणि नमस्कारात कुठे खोट नव्हती.

खुर्सीपारहून सकाळी बसनं निघालं तर दुपारपर्यंत खैरागडला पोचता येतं. तिथल्या राजघराण्यानं आपला वाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. सुरुवातीच्या काळात त्याचे कुलगुरू होते आपले अण्णासाहेब, श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईचा मराठी माणूस, भातखंड्यांचा पट्टशिष्य, फैयाज खाँसाहेबांचा शागीर्द. अण्णासाहेबांच्या आवाजाच्या टेपा फार थोड्या कानी येतात. त्यांचं खरं ऐश्वर्य त्यांच्या बंदिशींत आहे, आणि त्या बंदिशी के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ह्या शिष्यांच्या गळ्यांतून आपल्याकडे येतात. भास्करबुवांसारखीच ही गोष्ट, फक्त इथे नशीब जरा बरं. गिंडे गाताना स्वतःला मागे ठेवतात. बंदिशीचा आराखडा इतका स्वच्छ मांडतात की चाल बांधणाऱ्याचा हात दिसावा. तबल्याच्या कुठल्या मात्रेवरून मुखडा उचलला, शब्दाचं वजन कुठल्या मात्रेवर ठेवलं, अंतऱ्याची ओळ कुठे वळवली, सगळं मोजून घेता येतं. कुमारांच्या बरोब्बर उलट टोक. कुमार बालगंधर्वांचं पद आपलं करून देतात. गिंडे अण्णासाहेबांची बंदिश अण्णासाहेबांचीच ठेवून देतात. मला दोघे हवेत. पण शिकायचं असेल तर आधी गिंडे ऐकावेत आणि मग कुमार, असं मी बैठकीतल्या तरुण मुलांना सांगतो; उलट क्रमानं गेलं की गिंडे सुके वाटू लागतात, आणि तो कानाचा दोष असतो.

आमच्याकडे गिंड्यांची जी टेप आली तिच्यावर गायकाचं नाव आणि रागाचं नाव होतं. बंदिश कुणाची, काही नाही. अंतरा लागला आणि ओळीच्या शेवटी 'सुजन' ऐकू आलं. अण्णासाहेब आपल्या बंदिशींत ह्या नावानं सही करत. डेक थांबवून आम्ही पट्टीवर बॉलपेननं तिसरी ओळ लिहिली, आणि तेव्हापासून खुर्सीपारहून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटवर तीन ओळी असतात: कुणी गायलं, कुठला राग, आणि कळत असेल तर कुणी बांधलं.